वर्गातील हवेचा विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे कसा मांडावा?

पालक प्रतिनिधी, मंगळवार पेठ :

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी कोल्हापूर शहरातील एका अनुदानित शाळेत सहावीत शिकते आणि त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालकांची प्रतिनिधी आहे. इमारत जुनी, दगडी आणि मुळात हवेशीर आहे. परंतु वर्गांत डिजिटल फळे आले तसे पडद्यावरचे नीट दिसावे म्हणून एका बाजूच्या खिडक्यांवर जाड पडदे चढले, रस्त्याकडच्या खिडक्या वाहनांच्या आवाजामुळे कायमच्या लावून घेतल्या गेल्या, आणि डासांचा त्रास नको म्हणून उरलेल्यांना बारीक जाळी ठोकण्यात आली. वर्गात ४६ मुले बसतात. पावसाळ्यात झड आत येते म्हणून जी काही तावदाने उघडी असतात तीही मिटतात. मग एका बाकावरचा खोकला आठवड्याभरात साऱ्या वर्गात फिरतो, वर्गशिक्षिकांचा घसा बसतो आणि तेच आजारपण घराघरांतील आजी-आजोबांपर्यंत पोहोचते.

समितीच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा ‘वर्गात चार पंखे आहेत की’ आणि ‘लहानपणी आजारी पडले म्हणजे पुढे प्रतिकारशक्ती वाढते’ अशी दोन उत्तरे मिळाली व विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. कोणाचा हेतू वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. आमच्या शाळेत पाण्याच्या टाकीवर ती कधी धुतली त्याची तारीख रंगाने लिहिलेली असते, स्वच्छतागृहांची पाहणी होते. हवेच्या बाबतीत मात्र नेमके काय मागावे, कोणत्या आकड्याच्या आधारे मागावे आणि शाळेला पेलेल अशा खर्चात ते कसे बसवावे, हे मलाच नीट सांगता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.


बालरोगतज्ज्ञ, राजारामपुरी :

ताई, आपल्याला मिळालेली दोन्ही उत्तरे मी दवाखान्यात रोज ऐकतो, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. छताचा पंखा खोलीतील हवा फिरवतो, बदलत नाही. भिंतीवरचा नेहमीचा स्प्लिट एसीही खोलीतीलच हवा ओढून, गार करून परत तेथेच सोडतो; त्यामुळे ‘आमच्या वर्गाला एसी आहे’ असे अभिमानाने सांगणाऱ्या शाळांची अवस्था या बाबतीत साध्या शाळांहून वाईट असू शकते, कारण गारवा टिकावा म्हणून तेथे दारे-खिडक्या घट्ट बंद असतात.

श्वसनमार्गाचे आजार शिंकेतून उडणाऱ्या मोठ्या थेंबांनी आणि हातांनीच पसरतात, अशी समजूत दीर्घकाळ वैद्यकातही होती. प्रत्यक्षात माणूस बोलताना, मोठ्याने वाचताना, कविता म्हणताना अतिसूक्ष्म कण बाहेर टाकत असतो आणि बंद खोलीत उदबत्तीचा वास जसा कोपऱ्यापर्यंत भरून राहतो तसे ते कण साचत जातात. क्षयरोग हवेतूनच पसरतो, हे बाल्टिमोर येथे १९५० च्या दशकात सुरू झालेल्या रायली यांच्या प्रयोगांनी दाखवून दिले. क्षयरुग्णांच्या वॉर्डातील हवा नळ्यांवाटे वरच्या मजल्यावरील गिनीपिगांपर्यंत नेली असता त्यांना रोगाची लागण झाली. गोवराचा विषाणू तर रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. २०२२ च्या अखेरीस मुंबई आणि मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला, तो आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल.

याचा अर्थ हात धुणे निरुपयोगी आहे असा नव्हे. जुलाब, हात-पाय-तोंडाचा आजार यांच्यासाठी साबण-पाणी हवेच. परंतु दारात सॅनिटायझरची बाटली टांगून आत तावदाने मिटून घेणाऱ्या वर्गात खोकल्याची साथ आटोक्यात येणार नाही.

आता प्रतिकारशक्तीविषयी. वारंवार आजारी पडल्याने मूल दणकट होते हा सर्वसाधारण नियम नाही. फ्लूचा विषाणू आपले रूप बदलत राहतो, सर्दीचे विषाणू कितीतरी प्रकारचे आहेत, आणि गोवर तर शरीराने इतर रोगांविरुद्ध आधी कमावलेल्या प्रतिकारशक्तीचाही मोठा भाग पुसून टाकतो. आजाराची किंमत न मोजता प्रतिकारशक्ती मिळवून देण्याचा मार्ग म्हणजे लस. गोवर-रुबेलाचे दोन डोस सरकारी कार्यक्रमात नवव्या महिन्यानंतर आणि सोळा ते चोवीस महिन्यांदरम्यान दिले जातात. गालगुंड, कांजिण्या आणि फ्लू यांच्या लसी मात्र त्या कार्यक्रमात नाहीत, त्यामुळे त्याबद्दल पालकांनी आपल्या डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोलावे लागते.

आपली इमारत जुनी आहे हे मात्र मला शुभवर्तमान वाटते. पेरूची राजधानी लिमा येथील रुग्णालयांत केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दारे-खिडक्या उघडल्यावर तेथील खोल्यांत हवा तासाला साधारण अठ्ठावीस वेळा बदलत होती, आणि उंच छत व मोठ्या खिडक्या असलेल्या १९५० पूर्वीच्या इमारती या बाबतीत नव्या इमारतींपेक्षा सरस ठरल्या. आपल्या पूर्वजांनी बांधून ठेवलेली सोय आपण पडदे आणि खिळे ठोकून बंद केली आहे, एवढेच.

दोन गोष्टी समितीने विनाखर्च करता येतील अशा सुचवतो. पहिली, शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीस बंद करावे. त्या बक्षिसापायी सकाळी पॅरासिटामॉल पाजून शाळेत धाडलेली मुले दुपारी फणफणत्या अंगाने माझ्याकडे येतात. दुसरी, ताप औषधाशिवाय चोवीस तास उतरलेला असेल तरच मूल परत पाठवावे, असा लेखी नियम करून बुडालेला अभ्यास भरून देण्याची जबाबदारी शाळेने घ्यावी. अभ्यास बुडण्याची धास्ती कमी झाल्याखेरीज पालक मुलाला घरी ठेवत नाहीत, आणि आई-वडील दोघेही कामावर जाणारे असतील तर त्यांना दोषही देता येत नाही.


निवृत्त मुख्याध्यापक, करवीर तालुका :

डॉक्टरसाहेबांनी विषयाची बाजू मांडली. मी कागदाची बाजू सांगतो, कारण शाळेत जे इतिवृत्तात येत नाही ते घडत नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार शासकीय व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते, तिच्यातील किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. कलम २२ मध्ये शाळा विकास आराखड्याची तरतूद आहे, परंतु २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळेतील समितीचे काम सल्ला देण्यापुरते आहे आणि तो आराखडा करण्याचे बंधन तिच्यावर नाही. त्याच कायद्याच्या परिशिष्टात इमारतीचे निकष दिलेले आहेत. त्यात प्रत्येक शिक्षकामागे वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण हे सारे आहे, पण वर्गातील हवेबद्दल एक ओळही नाही. त्यामुळे ‘कायद्यात कोठे आहे?’ असा प्रश्न आपल्याला विचारला जाईल. त्यावर आपण परिशिष्टातलीच दुसरी ओळ दाखवावी : सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक, हे प्रमाण तेथे लिहिलेले आहे आणि आपल्या वर्गात ४६ मुले बसतात. गर्दी आणि हवा हे दोन वेगळे प्रश्न नव्हेत.

अर्ज तोंडी करू नये. बैठकीच्या आधी लेखी पत्र देऊन विषयपत्रिकेत स्वतंत्र क्रमांक मागावा. ‘ऐन वेळचे विषय’ या सदरात आलेली गोष्ट चहाबरोबर संपते. पत्रात तक्रारीचा सूर नको. ‘वर्ग कोंदट आहेत’ असे लिहिलेत की मुख्याध्यापक बचावाच्या पवित्र्यात जातात. त्याऐवजी ‘सहावी ते आठवीच्या वर्गांतील वायुवीजनाची पाहणी करून त्यानुसार किरकोळ दुरुस्त्या करण्याची शिफारस संस्थेकडे करणे’ असे लिहिलेत तर त्याला विरोध करणे कोणालाही अवघड जाते. वर्गशिक्षिकांना आधी विश्वासात घ्यावे. दिवसभर त्या हवेत उभे राहून बोलणाऱ्या त्याच आहेत, आणि शिक्षकांच्या सहीने आलेल्या विषयाला समितीत वेगळे वजन असते.

पैशांचे म्हणाल, तर अनुदानित शाळेला मिळणाऱ्या वेतनेतर अनुदानात अनेक तोंडे वाटेकरी असतात, तेव्हा त्यावर भिस्त ठेवू नये. माजी विद्यार्थी आणि पेठेतील तालीम-मंडळे हा आपल्याकडचा खात्रीचा आधार आहे. ज्या मंडळाने गणपतीतील खर्चातून शाळेला संगणक दिले, ते चार एक्झॉस्ट पंखे द्यायला मागेपुढे पाहणार नाही. फक्त पंख्यावर देणगीदाराचे नाव लिहायला जागा सोडावी! राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला, त्या गावात मुलाने शाळेत यावे यासाठी एवढे झाले असताना शाळेतील हवेसाठी चार पंखे मिळू नयेत, असे मला वाटत नाही.


वाचक, कसबा बावडा :

सर्व मान्य आहे, परंतु बाहेरची हवा तरी कोठे शुद्ध आहे? कोल्हापूरचे नाव राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील प्रदूषित शहरांच्या यादीत आहे. गळीत हंगामात फडातले पाचट पेटते, गुऱ्हाळांची चुलवाणे धगधगतात, कारखान्यांच्या धुराड्यांतून काजळी पडते आणि दाराशी वाहनांची रांग असते. खिडक्या उघडून हे सारे मुलांच्या छातीत भरायचे का?


वायुवीजन अभियंता, शिरोली :

मी फाउंड्रीमधील धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रणांचे काम करतो. वर्गखोली त्या मानाने सोपी. बावड्याच्या वाचकांचा प्रश्न रास्त आहे, त्याकडे शेवटी येतो. आधी ताईंच्या वर्गाचा हिशेब मांडू.

खोली आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच धरली तर तिच्यात १६८ घनमीटर हवा मावते. ४६ मुले आणि एक शिक्षिका अशी ४७ माणसे. बसलेले मूल सेकंदाला सुमारे ०.००४ लिटर कार्बन डायऑक्साईड सोडते. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण ४२० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भागांच्या, आसपास असते. खोली पूर्ण बंद असेल तर पस्तीस मिनिटांची एक तासिका संपेपर्यंत हा आकडा कागदावर पावणेतीन हजारांच्या वर जातो. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येत-जात असल्याने तो काहीसा कमी भरतो, पण मधल्या सुट्टीपर्यंत तासिका एकामागून एक चालूच असतात. हा वायू या प्रमाणात विषारी नाही. तो केवळ सांगतो की आपण श्वासात घेत असलेल्या हवेपैकी किती हवा दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसातून आलेली आहे. मुलांना जांभया येतात, लक्ष लागत नाही, ते वेगळेच.

आता किती हवा हवी? अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२३ मध्ये तासाला किमान पाच वेळा हवा बदलावी अशी शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये रुग्णालयांखेरीज इतर सार्वजनिक इमारतींसाठी माणशी सेकंदाला दहा लिटर ताजी हवा सुचवली. दोन्ही आकडे आपल्या वर्गाला लावून पाहा. तासाला पाच वेळा म्हणजे ८४० घनमीटर, अर्थात माणशी पाच लिटर. या हिशेबाने कार्बन डायऑक्साईड सुमारे १२०० वर स्थिरावेल. माणशी दहा लिटर हवे असतील तर हवा तासाला दहा वेळा बदलावी लागेल, आणि मग आकडा सुमारे ८२० वर राहील. परदेशातील वर्गांत वीस-पंचवीस मुले असतात. तेथे जो ‘पाच वेळा’चा नियम पुरतो तो आपल्याकडच्या भरलेल्या वर्गात अर्धाच पुरतो. म्हणून पत्रात ‘तासाला इतक्या वेळा’ असे न लिहिता ‘वर्ग भरलेला असताना कार्बन डायऑक्साईड ८०० ते १००० पीपीएमच्या आत राहावा’ असे लिहावे. या आकड्यात मुलांची संख्या आपोआप धरली जाते.

याचा आजारपणाशी काय संबंध, असे समितीत कोणी विचारले तर इटलीतील मार्के प्रांताचे उदाहरण द्यावे. करोनाच्या काळात तेथील दहा हजारांहून अधिक वर्गांची तुलना झाली. ज्या मोजक्या वर्गांत यंत्राने ताजी हवा सोडली जात होती तेथे लागण कमी आढळली, आणि विद्यार्थ्यामागे सेकंदाला दहा लिटरहून अधिक हवा मिळत होती तेथे ती किमान ऐंशी टक्क्यांनी कमी होती.

मोजमापाबाबत एक सावधगिरी. बाजारात अगदी स्वस्तात मिळणारी कित्येक यंत्रे कार्बन डायऑक्साईड मोजतच नाहीत, दुसऱ्या वायूंवरून अंदाजाने आकडा दाखवतात. सॅनिटायझर जवळ नेले की त्यांचा आकडा उसळतो. ‘एनडीआयआर’ प्रकारचा, म्हणजे अवरक्त किरणांनी हा वायू थेट मोजणारा, सेन्सर आहे याची खात्री करून घ्यावी आणि वापरण्यापूर्वी यंत्र गच्चीवर ठेवून ते ४२० च्या आसपास दाखवते का ते पाहावे. वर्गात ते मुलांच्या डोक्याच्या उंचीवर, दार-खिडकीपासून आणि कोणाच्याही तोंडापासून दूर ठेवावे. एकच यंत्र आळीपाळीने सर्व वर्गांत फिरवता येते. सातवी-आठवीच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी तासिकागणिक आकडे मुलांकडूनच लिहून घेतले तर समितीपुढे ठेवण्याजोगा तक्ता फुकटात तयार होतो, आणि मुलांनी केलेली नोंद फेटाळणे मोठ्यांना जड जाते.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा. समोरासमोरच्या भिंतींतील खिडक्या एकाच वेळी उघड्या राहायला हव्यात. एकाच बाजूच्या चार उघडण्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या दोन-दोन उघडणे अधिक उपयोगी पडते. जाड पडदे काढून फळ्याजवळच्या एकाच खिडकीला आडोसा करावा, डिजिटल फळ्याला तेवढा पुरतो. जाळी काढू नये, डेंग्यूचा विचार करता ती हवीच. परंतु धुळीने बुजलेली जाळी जवळजवळ भिंतीसारखीच असते, तेव्हा ती दर महिन्याला ब्रशने झाडावी. जुन्या इमारतीत छताजवळ झरोके असतात, ते फॉल सिलिंगखाली गाडले गेले असतील तर मोकळे करावेत. एवढ्याने भागत नसेल तेथेच एक्झॉस्ट पंखा. तो दाराच्या समोरच्या भिंतीत, शक्य तितका उंच बसवावा, म्हणजे व्हरांड्यातून आलेली हवा सगळ्या वर्गावरून फिरून बाहेर पडेल. दाराशेजारीच बसवलात तर तो दारातूनच हवा ओढून बाहेर टाकत राहील आणि मागच्या बाकांपर्यंत ताजी हवा पोहोचणारच नाही. पंख्यावर तासाला किती घनमीटर हवा ओढतो ते लिहिलेले असते, वरच्या हिशेबाशी ते ताडून पाहावे आणि जाळीमुळे त्यात घट येते हे धरून चालावे.

आता धुराचे. शाळेजवळ पाचट पेटले असेल त्या दिवशी धुराच्या बाजूची खिडकी बंद करणे योग्यच आहे, परंतु वर्षातील त्या मोजक्या दिवसांसाठी उरलेले सारे दिवस खिडक्या बंद ठेवणे हा उपाय नव्हे. रस्त्याला अगदी लागून असलेल्या वर्गांसाठी गाळणीचे यंत्र लागेल. धूर, धूळ आणि विषाणूचे कण हेपा गाळणी अडवते. कार्बन डायऑक्साईड मात्र अडवत नाही. त्यामुळे असे यंत्र बसवल्यावर मीटरचा आकडा उतरला नाही म्हणून ते बंद पडले असे समजू नये. यंत्रावर दर तासाला किती घनमीटर हवा स्वच्छ होते तो आकडा पाहावा. ४०० चे एक यंत्र ताईंच्या वर्गाला पुरणार नाही, दोन लागतील, आणि तीही मधल्या वेगावर चालवून पुरेशी पडतील अशी घ्यावीत. पूर्ण वेगावर घरघरणारे यंत्र शिक्षिका तासाभरात बंद करतात. अमेरिकेत २०२० मध्ये कोर्सी आणि रोझेन्थल यांनी चौकोनी पंख्याला चार गाळण्या चिकटवून स्वस्तातली पेटी तयार केली. तसा पंखा आपल्याकडे सहज मिळत नसला तरी प्लायवूडच्या चौकटीत गाळण्या आणि एक्झॉस्ट पंखा बसवून तत्त्व तेच साधता येते. आयटीआयच्या मुलांना हे काम एका दुपारचे आहे.


पालक प्रतिनिधी, मंगळवार पेठ :

सर्वांचे मनापासून आभार. वर्गशिक्षिकांशी बोलले असून पत्रावर सही करायला त्या तयार आहेत. उपस्थितीच्या बक्षिसाचा मुद्दाही त्याच पत्रात स्वतंत्र परिच्छेदात घेत आहे. एकच शंका उरते. आमच्या पश्चिमेच्या खिडक्यांतून जुलैत अक्षरशः तोंडावर पाणी येते आणि पहिल्या दोन बाकांवरच्या वह्या भिजतात. त्या दिवसांत काय करावे?


वायुवीजन अभियंता, शिरोली :

व्हरांड्याकडची खिडकी आणि दार पावसातही उघडे ठेवता येते, कारण तेथे छप्पर आहे. तेवढे तरी सक्तीने उघडे राहावे. पश्चिमेच्या खिडक्यांवर बाहेरून उतरता पत्रा लावून घ्यावा, खिडकीच्या वरच्या कडेपासून खाली अर्ध्या उंचीपर्यंत येईल असा आणि भिंतीपासून हातभर पुढे. त्याखालून हवा येते, झड येत नाही. पूर्ण खिडकी उघडता येत नसेल तर वरचे तावदान तरी उघडे ठेवावे. एक्झॉस्ट पंखा पश्चिमेच्या भिंतीत बसवणार असाल तर त्याला बाहेरून पट्ट्यांची झडप हवी, नाहीतर वाऱ्याच्या झोताने तो उलटा फिरतो आणि मोटर लवकर जळते.


बालरोगतज्ज्ञ, राजारामपुरी :

एक भर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी शिरलेल्या भागातील शाळा हे वाचत असतील, तर भिंतीच्या तळाशी ओल आणि काळी बुरशी आहे का ते आधी पाहावे. तिच्यावर नुसता चुना मारल्याने ती जात नाही. ओलीचे मूळ बंद करून, सुटलेले प्लास्टर खरवडून मगच रंग द्यावा, आणि हे काम सुट्टीत, वर्ग रिकामा असताना करावे. दम्याची मुले त्या भिंतीलगत बसत असतील तर दुरुस्ती होईपर्यंत त्यांची जागा आजच बदलावी.